पहिला घोट

सन पंचावन्नच्या पावसाळ्यात ठेकेदाराच्या मोटरबोटीला दारू मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि गफ्फार मिस्त्रीच्या डोक्याला ताप झाला. उसाच्या मळीचं ते स्पिरिट हवेतली ओल पितं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि भर वैनगंगेत इंजिन गचके खातं. रबरी नळीसुद्धा फुगते. यात देवधर्म काही नाही, असं तो सगळ्यांना सांगे. यंत्र रुसत नाही, बिघडतं.

म्हातारा नावाडी जंगू गोंड. त्याला यातलं एकच कळलं होतं. "दारू हाये ना? मंग पयला घोट पुरख्याइले." पुरखे म्हणजे गेलेले वाडवडील. मोहाची असो की मळीची, त्याला सारखीच. निघताना टाकीच्या बुडाची तोटी सोडून तो पेलाभर पेट्रोल नदीला देई, फळीवर दोनदा ठोकून म्हणे, "चाल." गफ्फार हसे, पण त्या म्हाताऱ्यावर त्याचा फार जीव होता. गेल्या पोळ्याला जंगू पुरात गेला. देह सापडलाच नाही. मग ती तोटी कोणी सोडली नाही.

आज बोटीत गफ्फारची बायको कनीज होती, कळा देत. आधीची दोन पोटातच गेलेली. दवाखाना पल्याड. सोबत सुईण म्हणून जंगूचीच बायको, बुधरी. भरदुपारी, मधल्या धारेत, इंजिन बंद पडलं.

इंजिनाची दोरी ओढून ओढून गफ्फारचे तळवे सोलले. बोट खालच्या खडकांकडे वाहू लागली.

"अजी, होते का नाई चालू?" कनीजनं विचारलं.

"होते. तू घाबरू नको." त्यानं दोरी पुन्हा हाताला गुंडाळली.

बुधरी शांतपणे म्हणाली, "गफ्फारभाऊ, पयला घोट देल्ला का?"

"बाई, हे काय बोलून राह्यली तू?" पण त्याचा हात तोटीकडे गेला. पेला भरला. वास नाकात झोंबला. त्यानं तो नदीत ओतला.

पेट्रोल पडलं की पाण्यावर सातरंगी साय पसरते. जन्मभर त्यानं पाहिली होती.

पसरली नाही.

बोटीच्या बुडाला खालून दोन ठोके पडले.

त्यानं दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडलं.

तळाचं पाणी निघालं, त्यानं मनाला बजावलं. बस, एवढंच. कनीजनं त्याचा सोललेला हात ओढून पोटावर ठेवला. आत बाळानं लाथ मारली, आणि गफ्फारला हुंदका आवरेना.

बुधरी बोटीच्या काठावरून वाकली होती. "पुरे आता," ती लाडानं पाण्याला रागावली. "किती पिशीन?"

मग तिनं हात पाण्यात सोडला आणि कुणाचा हात धरावा तशी बोटं मिटून घेतली. पल्याडचा धक्का येईतो तशीच बसली. बोट भरधाव चालली होती, पण तिच्या मनगटापाशी पाण्यावर रेघ उठत नव्हती.