राणीच्या लेकीचा गाल

"हात लावू नकोस, तेमो. गाल आणखी निखळेल."

तेमोनं बोट मागं घेतलं. सुट्टीसाठी तिबिलिसीहून काकांच्या गावी आल्यापासून तो आणि त्याची बहीण मझिया रोज सकाळी चर्चमध्ये येत. भिंतीवरच्या चित्रात राणी ख्वारामझे आठशे वर्षं सहकुटुंब उभी होती. एका अंगाला वडील, दुसऱ्या अंगाला भाऊ, हातात तिनं बांधलेल्या याच चर्चची चिमुकली प्रतिकृती आणि झग्याला बिलगलेली धाकटी लेक. साऱ्या खिंडी जिच्या धाकात होत्या, ती इथं देवापुढं मान लववून होती. लेकीच्या माथ्यावर अक्षरं होती : 'देवा, हिला उदंड आयुष्य दे.' असं फक्त हयात माणसासाठीच लिहीत.

आता भिंतीला ओल धरली होती. लेकीचा अर्धा गाल गळून पडला होता. आज, सोमवारी, सगळ्या चित्रावर चुना फासायचा, असं ठरलं होतं. सुचवलं होतं वाखोकाकांनीच. "म्हातारे दगड घामेजतात रे. सणाला बिशप यायच्या आत झाकलेलं बरं."

"पण हे दगड रविवारी कसे घामेजत नाहीत?" मझिया पुटपुटली. "काल कोरडे होते."

"रविवारी त्यांना सुट्टी असेल," तेमो म्हणाला.

मझिया हसली नाही. वाकून तिनं भिंतीचा पाया हुंगला. आंबूस वास. दगडाच्या फटीत चेरीच्या झाडाच्या सालीचा तुकडा अडकला होता. तशा सालींच्या कुंच्यानं गावात जमिनीत पुरलेले द्राक्षारसाचे रांजण घासतात. दोघं मागच्या चढावर गेली. वर काकांचं तळघर होतं. द्राक्षतोडणी तोंडावर आलेली. काका रांजणात उतरून घासत होते आणि गडी धुवण बादल्यांनी कुंपणापलीकडं ओतत होता. ते उतारावरून थेट चर्चच्या भिंतीकडं जात होतं.

"सांगूया?" तेमो म्हणाला.

"आपण सांगून ऐकतील? त्यांच्याच तोंडून निघू दे."

दुपारी फादर लुका चर्चमध्ये असताना मझियानं काकांना ओढतच आणलं. "काका, पायाशी काहीतरी झिरपतंय. कुणाला ओळखता येईना. तुमच्यासारखी जीभ गावात दुसरी कुणाची आहे?"

काका खुलले. दगडावरून बोट फिरवून त्यांनी ते जिभेला लावलं, डोळे मिटले. "काळं द्राक्ष. गेल्या सालचा गाळ. थोडी घासायची राख. हा तर माझ्या तिसऱ्या रांजणाचा..."

त्यांनी डोळे उघडले.

काका त्या अर्ध्या गालाकडं बघत राहिले. "दर सणाला हिच्यासमोर उभा राहून उदंड आयुष्याचं गाणं गातो मी," ते हळूच म्हणाले. "आणि सहा दिवस हिच्या तोंडावर धुवण ओततो."

फादर लुकांनी चुन्याची बादली उचलून बाहेर ठेवली. "पोरांनो, मी रोज इथं प्रार्थना करतो, पण वाकून कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत."

संध्याकाळपर्यंत काकांनी स्वतः चर खणून पाणी ओढ्याकडं वळवलं. सणाच्या दिवशी भिंत कोरडी होती. गेलेला गाल काही परत आला नाही. उदंड आयुष्याचं गाणं सुरू झालं तेव्हा खालचा सूर धरणारे काका बिशपांकडं पाठ करून उभे होते, तोंड राणीच्या लेकीकडं.

त्यांना कुणीही वळायला सांगितलं नाही.