गोधडीने घमेलं सोडलं त्याची गोष्ट

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. निम्मं धुळं अजून हसतं, आणि उरलेलं निम्मं त्या दिवशी नेमकं गावाला गेलं होतं. पण एका मांजरीने आपलं घमेलं सोडलं आणि त्यापायी एक लग्न जमलं, हे पांझरा नदीइतकं खरं आहे.

साल अठ्ठ्याऐंशी असेल. थंडी अशी, की चहा बशीतून ओठाशी येईतो गोठायचा. अमृतलालजींच्या कापडदुकानाच्या माडीवर कुंदा आणि तिची आत्या यशोदाबाई भाड्याने राहायच्या. कुंदा बालवाडीत शिकवायची. नजर अशी, की भाजीवाले न मागता कोथिंबीर द्यायचे. तिसरी भाडेकरू गोधडी—काळ्या, पांढऱ्या, तांबूस ठिगळांची मांजर. गॅलरीतलं राखेचं घमेलं हा तिचा संडास. शिस्त इतकी, की उरकल्यावर राख सारखी करून वर पंजाने रांगोळी काढायची.

आणि एके दिवशी तिने त्या घमेल्याकडे पाठ फिरवली.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात एक तरुण—उंच, देखणा, अंगाला कोऱ्या कापडाचा वास—एक थान नाकापासून हातभर लांब धरून उभा. अमृतलालजींचा मुलगा निर्मलकुमार, नुकताच पुण्याहून शिकून आलेला.

“हे तुमच्या मांजरीनं केलंय.”

“कापड कोणतं?”

“मांजरपाट.”

“मग तिचंच आहे की!”

त्याने रागवायचं ठरवलं होतं… पण ओठ फितूर झाले. “आणि पैठणीवर बसली असती तर?”

“तर म्हणाले असते, दुकानात चांगलं-वाईट कळणारं एक तरी कुणी आहे.”

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. त्यानंतरही आला. कुंदाने थान उलटंपालटं करून पाहिलं.

“हे तर कोरडं ठणठणीत आहे.”

“जिना चढता चढता… वाळलं असेल,” तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला.

आत्याचा संयम मात्र संपला होता. “बठ्ठा घरमा वास मारी ऱ्हायना! रविवारले भिकन टेम्पो लई येस. पोतामा घालीसन नरडाणाले सोडी ई. जिद्दी शे ती!”

“मग पोतं मोठं आणायला सांगा,” कुंदा म्हणाली. “मीही जिद्दी आहे. दोघी मावल्या पाहिजेत.”

खालून अमृतलालजींचाही निरोप आला—मांजर किंवा माडी, एक काहीतरी सोडा. कुंदाने उलट निरोप धाडला—दोन्ही सोडणार नाही.

बोलणं सोपं होतं. गोधडी तिच्या पायथ्याशी मुटकुळं करून झोपायची, आणि नरडाण्याच्या कुत्र्यांनी तिचं काय केलं असतं ते कुंदाला डोळे मिटले की दिसायचं. शनिवारी ती गॅलरीत वेताचा मोढा टाकून बसलीच. गोधडी आली. एक पंजा हळूच राखेत घातला, झटकला, चाटला—आणि डोळ्यांतून पाणी, शेपटीचा झाडू, धूम थेट दुकानात! ही जिद्द कसली? हिला काहीतरी झोंबतंय!

“निर्मलकुमार! वर या, वास घ्यायचाय.”

“कसला?”

“घमेल्याचा. घाबरलात?”

असं आमंत्रण त्याला पुण्यातही कुणी दिलं नव्हतं. दोघं गुडघ्यांवर बसून वाकली. तिची एक बट त्याच्या गालाला लागली… त्याचा श्वास अडला… तिचाही… आणि दोघं एकदमच शिंकली. अशी शिंक, की खाली गादीवर बसलेल्या अमृतलालजींची टोपी उडाली.

कुंदाने राख उकरली. जळकी मिरची निघाली. पुन्हा उकरली, पुन्हा मिरची.

“आत्या, ही राख कुठली?”

“एरंडोलना मामानी धाडेल शे. भांडा घासाले.”

कुंदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामाच्या शेतात भरीत पार्टी! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, त्याच जाळात टोपलंभर हिरव्या मिरच्या. भरीत खाऊन पाहुणे पांगले, आणि मामाने उरलेली राख पोत्यात भरून भाचीकडे पाठवली; तीच घमेल्यातही पडली. भांडी घासताना आत्याची बोटं चुरचुरायची, तर ती थंडीला शिव्या द्यायची.

“आणि ही बिचारी तिखटात बसत होती…” निर्मल हळूच म्हणाला.

“आणि सगळे तिलाच पोत्यात घालायला निघालेत.” कुंदाचे डोळे भरले. “मिरचीमुळे हं.”

“मी कुठं काही विचारलं?” त्याने रुमाल पुढे केला.

तो सायकलवरून पांझरेची वाळू घेऊन आला. गोधडीने हुंगली, उकरली, गोल फिरून बसली, आणि उठल्यावर अशी नक्षी काढली की आत्याने गुपचूप हात जोडले.

पण रविवारी टेम्पोवाला भिकन पोतं घेऊन आलाच. अमृतलालजी ऐकेनात. “आज वाळू, उद्या परत माझं थान! मांजर जाणार म्हणजे जाणार.” गोधडीला छातीशी धरून कुंदा दुकानात उतरली. गल्ली गोळा झाली. आणि तेव्हा, मंडळी, निर्मलकुमारने वाघासारखी उडी घेतली! भिकनचं पोतं दातांनी टराटरा फाडलं, काउंटरवर अशी मूठ हाणली की साक्रीपर्यंत हादरा बसला, आणि गरजला, “बाबूजी! मांजर राहील, कुंदा राहील, आणि मी लग्न करीन तर—”

“खोटं!”

हातातली पळी तशीच धरून कुंदाबाई आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“किती फेकाल हो लोकांसमोर? काउंटर मी वाजवला. ‘मांजर राहील, मीही राहीन, आणि तुमचा मुलगा मला पसंत आहे,’ हे बाबूजींना मी सांगितलं. तुम्ही थानांच्या ढिगामागे होतात. तिथून नुसतं ‘हो’ म्हणालात… तेही मी दुसऱ्यांदा विचारल्यावर!”