गाभ्यातली किल्ली

थोरल्याचं डोकं आठवडाभर तापलेलं होतं. धाकटा भाऊ लाकडाच्या वखारीतल्या आरा मशीनच्या स्विचच्या पेटीला कुलूप ठोकून, किल्ली शर्टाच्या खिशात टाकून जंगलात गेला, तो गेलाच. का, तर म्हणे सगळ्यांत म्हातारं झाड तोडू नका!

"दादा, जंगल रागावलंय," जाताना तो म्हणाला होता. "सकाळी आत छान ऊन होतं. झाडाला कुऱ्हाड टेकवली आणि पाखरं गप्प, भर दिवसा अंधार."

"जंगलाला राग येतो? मग मला काय येतं, शिंक?"

थोरल्याने पेटीचा कोयंडा उखडला, झाडही पाडलं. पण रोज संध्याकाळी जंगलाच्या कडेला उभं राहून घसा फुटेस्तोवर हाका मारायचा आणि परत येऊन शिव्या घालायचा. "येऊ दे घरी, तंगडंच तोडतो त्याचं!" रात्री त्याच्या वाटचं ताट मात्र झाकून ठेवायचा.

आज सकाळी त्या झाडाचा बुंध्याकडचा ओंडका चिरला. लाकूड दगडासारखं. वरच्या टोकाला मात्र पातं लोण्यात शिरल्यागत सरकलं.

"बघा! उगाच बाऊ केला गाढवाने," थोरला म्हणाला.

मग दुपारी झाडातला त्याला लागूनचा वरचा ओंडका चढवला. हातभर चिरला नाही तोच खाडकन आवाज झाला. पात्याचे दात तुटले.

"खिळा असेल, मालक," मिस्त्री म्हणाला.

"एवढ्या आत? कोणाच्या बापाने ठोकला?" थोरला खेकसला आणि छिन्नी घेऊन गाभा फोडू लागला.

आत किल्ली होती. तिला निळ्या वायरचं वेटोळं होतं, धाकट्याने बांधलेलं. भोवती झाडाची जुनी वलयं अखंड फिरलेली. कुठे भोक नाही, चीर नाही.

मिस्त्री मागे सरकला.

थोरल्याने ती किल्ली पेटीच्या उखडलेल्या कोयंड्यात तसंच लटकलेल्या कुलपात घातली. कुलूप उघडलं.

"चोर लेकाचा! इथे लपवलीस होय? ये ना समोर!" तो ओरडला. पण आवाज फाटला.

बाहेर पाखरं गप्प झाली. भर दुपारी वखारीत अंधारून आलं.

त्याचा हात आपसूक स्वतःच्या शर्टाच्या खिशावर गेला, आणि तिथून नजर खाली, स्वतःच्या पायांवर. मग तो सावकाश सकाळच्या फळ्यांकडे वळला.

पहिल्या फळीच्या वरच्या टोकाला दोन फिकट, लांबट डाग होते, शेजारीशेजारी. दुसऱ्या फळीवरही.

त्याने बोट टेकवलं. फळ्या केव्हाच गार पडल्या होत्या. डाग अजून कोमट होते.