सुट्टी मोडणारी घंटा

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. जिच्यावर हे गुदरलं ती बाई अजून हिंडती-फिरती आहे. खोदून विचाराल तर तोंडावर दार लावून घेईल.

जागा, जमैका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं थॉर्नबी हॉटेल. दिवस, नाताळचा दुसरा. सव्वीस डिसेंबर.

आणि वेळ... रात्रीची नव्हे. दुपारचे दोन. टळटळीत ऊन.

हॉटेल व्हायच्या आधी तिथे उसाचा मळा होता. दीडशे गुलाम राबायचे. मळ्याची घंटा अजून अंगणात टांगलेली होती. पहाटे ती वाजली की उसात उतरायचं. उशीर झाला की चाबूक. नाताळात मात्र ती मुकी असायची. तेवढे तीन दिवस गुलामांचे. खायचं, प्यायचं, मुखवटे चढवून मालकाच्याच अंगणात धिंगाणा घालायचा. चौथ्या पहाटे पुन्हा घंटा.

मुखवट्यांचा तो नाच, जंकानू, अजून चालतो.

आणि नाताळात त्या घंटेला कुणी हात लावत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही.

पण लावत नाही.

व्हर्नी त्या हॉटेलात मुख्य स्वयंपाकीण. तिचा नवरा ऑझी जंकानूत शिंगांचं बैलमुंडकं घालून नाचायचा. त्या दिवशी बकऱ्याचं मटण उतरवून ती भातात नारळाचं दूध घालत होती, तेवढ्यात नवा मॅनेजर विंट आत आला. किंग्स्टनचा पोरगेला माणूस, कडक इस्त्रीचा.

"मिस व्हर्नी, जेवण तयार ना? मग घंटा देतो. पाहुण्यांना जरा जुन्या काळाची मजा."

"कोणत्या जुन्या काळाची, सर?"

"झालं! आता डपीच्या गोष्टी सांगणार?"

"भुताखेताचं राहू द्या. माझ्या पणजीची आजी त्या घंटेवर धावायची. आज दुसराच दिवस आहे. त्यांची सुट्टी संपलेली नाही."

"मेलेल्यांना कसली सुट्टी, मिस व्हर्नी?" तो हसत निघून गेला.

बाहेर नाच रंगात आला होता. बासरी, ढोल. ऑझी शिंगं रोखून पाहुण्यांच्या अंगावर जात होता. बाया किंचाळून हसत होत्या.

टण्ण...

एकदाच.

ढोल थांबला. बासरी अर्ध्या सुरात तुटली. व्हर्नी दारात आली. समोर लाटा फुटताना दिसत होत्या, पण त्यांचा आवाज...

आवाज नव्हता.

मुखवटेवाले आठ जण होते, सगळेच जागच्या जागी उभे. मग ते वळले. एकामागे एक रांग धरून उताराकडे चालू लागले. जिथे पूर्वी ऊस होता, तिकडे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाचातलंच आहे.

"ऑझी! अरे, कुठे निघालास?"

व्हर्नी धावली. त्याच्या डोक्यावरचं बैलमुंडकं तिने ओढून काढलं. डोळे सताड उघडे. पण तिच्या आरपार बघणारे.

"सुट्टी संपली," तो म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता.

तिने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागे खेचलं. तो कोसळला. त्याच्याबरोबर बाकीचे सातही कोसळले.

पण पावलांचा आवाज थांबला नाही...

अनवाणी पावलं. खूप. धूळ उडत नव्हती, गवत वाकत नव्हतं. फक्त थप, थप, थप. उतारावर जाऊन ती थांबली.

मग वळली.

आता ती वर येत होती. ऑझीचं डोकं मांडीवर घेऊन व्हर्नी बसून राहिली. पावलं तिच्या दोन्ही अंगांनी पुढे गेली. एकही तिला लागलं नाही. ती घंटेकडे चालली होती.

विंटच्या हातात अजून घंटेचा दोर होता.

"कोण ढकलतंय? ए... सरका ना मागे..."

त्याच्या आसपास दहा हातांवर कुणी नव्हतं. तरी त्याचे खांदे आत दबत चालले. दंड बरगड्यांना चिकटले. हनुवटी वर गेली, बुडणाऱ्याची जाते तशी.

"हवा... हवा सोडा..."

मग वास आला. घामाचा, मुताचा, ओकारीचा, कुजक्या खाऱ्या पाण्याचा. ज्या जहाजांच्या तळाशी माणसं कोंबून इथे आणली, त्या तळाचा वास. व्हर्नीला कुणी सांगावं लागलं नाही.

विंटचे ओठ निळे पडले. मान कलंडली. शुद्ध गेली.

तरी तो पडला नाही...

पडायला जागाच नव्हती.

"एनॉसबाबा, ढोल वाजवा!" व्हर्नी ओरडली.

म्हाताऱ्या ढोलवाल्याने काठी उचललीसुद्धा नाही. "कशाला?"

"मरेल तो! त्यांना कळू द्या, सुट्टी आहे अजून!"

"ते मेले तेव्हा कुणी वाजवला होता गं?"

"आपलंच लेकरू आहे ना ते! त्याचीही माणसं त्याच जहाजांतून आली!"

"घंटा ओढताना आठवलं का त्याला?"

तिने ढोल हिसकावला. जन्मात कधी वाजवला नव्हता. काठी सुचेना, उघड्या तळव्यांनी बडवत सुटली. "सुट्टी आहे! चुकून वाजली घंटा! नाचा रे बाबांनो, अजून सुट्टी आहे!"

कितीतरी वेळ काहीच नाही.

मग एक पाऊल ठेक्यावर पडलं. मग दुसरं. पावलं पांगली... घुटमळत, नाराजीने, एकेक करून लांब गेली.

विंट ओल्या पोत्यासारखा खाली आला. आणि एकदम समुद्र ऐकू आला.

त्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गाडीखाली आला होता? बरा झाल्यावर तो किंग्स्टनला परतला. म्हणे उघड्या ओसरीवरच झोपतो. भिंती सोसत नाहीत. हॉटेलच्या मालकांनी आठवड्यात घंटा उतरवली. कुठे नेली, कुणी सांगत नाही.

नाचणाऱ्यांपैकी सात जणांना काही आठवत नाही.

ऑझीला आठवतं.

तीन महिन्यांनी एकदा जेवताना म्हणाला, "मी तुझ्या मांडीवर नव्हतो, व्हर्नी. मी घंटेपाशी होतो. माझाही खांदा त्याच्या छातीवर होता."

"घाबरला होतास?"

"नाही." त्याने शांतपणे घास घेतला. "बरं वाटत होतं."

आता तो नाचत नाही. फारसा बोलतही नाही. चांगला आहे, कामाला जातो, तिला दुखलं-खुपलं बघतो. पण दर सव्वीस डिसेंबरला दुपारी समोर येऊन बसतो आणि एकच विचारतो...

"आम्हाला का अडवलंस?"

व्हर्नी त्याच्या खांद्यांकडे बघत राहते, आणि ताट घेऊन हळूच दाराजवळ सरकून बसते.