खुशीचे लव्हबर्ड

सकाळी नऊला कामठा गावात आरडाओरडा झाला. खुशीचे दोन्ही लव्हबर्ड पिंजऱ्यात मरून पडले होते आणि तिची आई कुंदाबाई शेजारच्या हिरालालच्या नावानं पोलिसांत निघाली होती.

निवृत्त नर्स सुलोचनाबाईंनी तिला दारातच अडवलं. हिरालालला जगात आणलं ते त्यांनीच, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

"त्यानं काऊन मारले असतील व?"

"पाखरं झोपू देत नाई म्हणून रोज बोंबलते! परवा उंदराचं औषध आणलं. दाण्यात टाकलं असन." कुंदाबाईला खोकल्याची उबळ आली.

हिरालाल कुंपणापाशीच उभा होता. "नर्सबाई, पोरीचं लगन ठरून राहिलं. दारात पोलीस दिसले तं सोयरे परततील."

सुलोचनाबाई स्वयंपाकघरात गेल्या. थंडीमुळे खिडकी घट्ट बंद. पिंजरा गॅसच्या बाजूलाच. खाली सांडलेले दाणे कोंबडी मजेत टिपत होती.

"पाखरं शेवटची कधी बोलली?"

"सातले चिवचिव करून राहिले होते. मंग मी तव्यावर तांदळाच्या पिठाचे चिले टाकाले लागली."

"आणि हा खोकला?"

"तवापासूनच."

"तवा दाखव."

काळा, न चिकटणारा तवा. मधोमध राखाडी डाग पडलेला.

"रिकामा किती वेळ ठेवला?"

"धूर निघेतोवर. तुम्हीच तं शिकवलं, तवा तापला नाई तं चिला चिकटते!"

सुलोचनाबाई पाटावर बसल्या.

"दाण्यात विष नाही. असतं तं तेच दाणे खाणारी कोंबडीही पडली असती. हा काळा लेप फार तापला की विषारी वाफ सोडते. तुले खोकला झाला. पाखराची फुप्फुसं केवढीशी!"

"म्हणजे मीच मारले?"

"तू नाही. तुझ्या सासूचा लोखंडी तवा मी भंगारात द्यायला लावला. दिवाळीत हा आणून दिला. खोक्यावर लिहिलं होतं, रिकामा तापवू नका. मी वाचलं होतं, बाई. सांगायचं राहिलं."

मग कुंदाबाई कुंपणाशी गेली. "भाऊ, लगनाचे पापड मी लाटून देईन."

हिरालालनं मान डोलावली.

कुंदाबाईनं तवा उचलला. "बोडीत फेकते."

"नको. तो लेप पाण्यात कुजत नाही. मासे त्या तळ्यातलेच खातो आपण." सुलोचनाबाईंनी तवा पदराखाली घेतला. "माझ्या घरी राहू दे."

"किती दिवस राहीन तो, आजी?" खुशीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"माझ्यानंतरही, बेटा."

त्यांना खुशीकडे बघवलं नाही.