कडू महिन्यातली नोंद

बाईंचं वर्ष सणांवर चालायचं. शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना सगळेच बाई म्हणत, आणि निवृत्तीनंतरही प्रयोगवहीची सवय सुटली नव्हती. एकेक ज्यू सण उतरला की त्या वही उघडून बसत. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, मध सांडला; पुढच्या वर्षी खोल वाटी. योम किप्पूरच्या उपवासात एकविसाव्या तासाला डोकं दुखलं. चार दिवस आधीपासून कॉफी कमी करणे. सुक्कोतच्या मांडवाचं छप्पर फार दाट झालं, एक चांदणी दिसेना. जावयाच्या हातात फांद्या देऊ नयेत. पेसाखला घरात पावाचा कणही चालत नाही; शेवटचा चुरा शिवणयंत्राच्या खणात सापडला.

किती माणसं आली हे मात्र त्या कधीच लिहीत नसत. माणसं मोजायची नसतात, हे आईने शिकवलेलं. अगदीच गरज पडली तर 'एक नाही, दोन नाही' असं म्हणत मोजायचं. विज्ञान शिकवणाऱ्या बाई हा नियम निमूट पाळत आणि वहीत 'खुर्च्या आठ' असं लिहीत.

नवरा गेल्यापासून लेकीने तगादा लावला होता. "आई, आमच्याकडे ये ना राहायला. दोन जिने चढून तुला धाप लागते."

"लागू दे. माझे सण माझ्या घरात."

बाईंचा हट्ट उगाच नव्हता. लेकीकडे सण सवडीने व्हायचे. हनुक्काचे दिवे एखाद्या वर्षी फडताळातच राहायचे. आपण हे घर सोडलं तर कुलूप घराला नाही, सणांना लागेल, याची बाईंना खात्री होती.

सुक्कोत आटोपला आणि हेश्वान लागला. या महिन्यात एकही सण नाही, म्हणून जुनी माणसं त्याला कडू म्हणतात. बाईंना तो गोडच लागायचा, कारण आधीचा महिनाभर भांडी घासून हातांचे तुकडे पडलेले असत. यंदाही त्यांनी वही कपाटात ठेवायला घेतली, तर नवं पान सुरू झालेलं. वर तारीख होती: सतरा हेश्वान. अक्षर त्यांचंच, रेघ सोडून वर चढत जाणारं. सतरा तारखेला अजून आठ दिवस होते.

"झालं, साठी बुद्धी नाठी," बाई मोठ्याने म्हणाल्या आणि हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्याखाली ओळ आली: सूप पातळ. बाईंनी महिन्याभरात सूप केलं नव्हतं. मग त्यांनी शाळेत करायच्या तसं केलं. घरातली निळी पेनं उचलून शेजारच्या घड्याळवाल्याला देऊन टाकली, स्वतःसाठी एकच लाल पेन ठेवलं, वही कपाटात कुलपात घातली आणि किल्ली गळ्यात अडकवली. तिसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं होतं. वहीत लाल शाईने लिहिलं होतं: आले आठ.

चौथ्या दिवशी: गेले नऊ.

बाईंनी वही फाडकन मिटली. भीतीपेक्षा राग मोठा होता. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, माणसं मोजतंय कोण? आठ येऊन नऊ जायला नववं माणूस घरातलंच हवं, आणि घरात होत्या त्या एकट्या. म्हणजे उत्तर सोपं होतं. सतरा तारखेला कुणाला बोलवायचं नाही आणि उंबरा ओलांडायचा नाही. ज्यू पंचांगात सूर्य मावळला की तारीख बदलते. तेवढं काढलं की गंगेत घोडं न्हालं.

सतराच्या दुपारी लेक आली. हातात सूपचं पातेलं, मागे जावई आणि दोघी नाती. पाठोपाठ धाकटे दीर आणि जाऊ. दार लावायच्या आत शेजारचा घड्याळवाला बायकोला घेऊन टपकला.

"आज काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही गं. सहज," लेक म्हणाली आणि नजर चुकवली.

सहज कसलं! सगळे ठरवून आले होते, बाईंचं मन वळवायला. बाईंनी पातेल्यात पळी घातली. सूप पातळ होतं.

दिरांनी जिन्याचा विषय काढला, जाऊबाईंनी डाव्या गुडघ्याचा. घड्याळवाला म्हणाला, "बाई, माणसानं वेळेवर निघावं." बाईंनी एकेकाचं बोलणं असं खोडून काढलं की जावई रिकाम्या वाटीत चमचा फिरवत बसला. शेवटी लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना गलबलून आलं. त्यांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पण 'हो' म्हटलं नाही.

उन्हं उतरली तसे सगळे उठले. बाई दाराच्या आत, चौकट घट्ट धरून उभ्या राहिल्या.

एक नाही. दोन नाही. नाती, जावई, दीर, जाऊ, घड्याळवाल्याची बायको. "आम्हीही चौकापर्यंत येतो," म्हणत घड्याळवाला निघाला. सात नाही. सगळ्यात शेवटी लेक.

आठ नाही.

बाईंनी दार लावलं. कडी घातली. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या एकट्याच हसल्या.

मग दिवा लावून त्या खिडकीशी गेल्या.

माणसं खाली रस्त्यावर आली. घोळक्यात लेक सावकाश चालत होती. तिने कुणाला तरी हाताला धरलं होतं.

करड्या कोटातली बाई होती. जरा वाकलेली, डावा पाय जपून टाकणारी.

बाईंनी मागे वळून आपल्या करड्या कोटाच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

त्यांनी हाक मारली. खाली कुणी मान वळवली नाही. लेकीचा चेहरा मात्र उजळला होता; किती वर्षांत तो असा दिसला नव्हता.

कोपऱ्यावर थांबून लेकीने वर पाहिलं, सरळ खिडकीकडे.

"आई, दिवा चालूच राहिला गं."

करड्या कोटातल्या बाईने वर पाहिलंच नाही. आवाज शांत होता, वर्गात शिकवतानाचा.

"असू दे. घर अगदीच रिकामं ठेवू नये."