भुऱ्याच्या खोकल्याचा तपास

"धर! अरे, धर त्याला!"

आरती ओरडली, पण तिचा धाकटा भाऊ पार्थ केव्हाच फरफटत पुढे गेला होता. काकांच्या भुऱ्या कुत्र्याने साखळीला असा हिसका दिला, की एक चप्पल मागे आणि पार्थ पुढे! तिसगावच्या रस्त्यावर हशा पिकला. भुऱ्या मात्र घुसमटून खोकू लागला.

दिवाळीच्या सुट्टीत केडगावहून काकांकडे आलेल्या आरतीला तो खोकला ऐकवेना. उद्या सकाळी बजरंगकाका आणि मनकर्णाकाकू ऊसतोडीला निघणार होते. दरवर्षी भुऱ्याही ट्रकमधून जायचा. यंदा काका म्हणाले होते, "आजारी कुत्रं न्हाई न्यायचं. घरात लहान लेकरू हाय. बाजारात सोडून देतो, कुनीबी घालंल तुकडा."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गेल्या वर्षी उसाच्या फडाच्या कडेला त्यांच्या तान्ह्या जयाची झोळी बांधलेली असायची आणि झोळीखाली भुऱ्या! एकदा तर त्याने तिथून साप हुसकावला होता.

"पण गुरांचे डॉक्टर म्हणाले ना, छाती साफ आहे, नुसता घसा सुजलाय?" आरती म्हणाली. "मग घसा सुजतो कशानं?"

"आपन शोधू!" शेजारची अफ्रीन लगेच तयार झाली.

दुपारपर्यंत तिघांनी भुऱ्याची पाठ सोडली नाही. तो मळ्यात मोकळा हुंदडला, एकदाही खोकला नाही. साखळी ताणली, की खोकला हजर! भुऱ्या ओढतो म्हणून काका रोज गळ्यातला पट्टा आणखी आवळत होते.

"म्हणजे चोर गळ्यातच बसलाय!" पार्थ ओरडला.

तिघं धावत अफ्रीनच्या आजोबांकडे गेली. फक्रुद्दीनचाचा टेम्पोच्या सीटा शिवायचे. सगळं ऐकून ते म्हणाले, "बैल काय गळ्यानं ओढतो व्हय? जू खांद्यावर असतं. जनावराचा जोर छातीवर घ्यावा, गळ्यावर न्हाई!"

त्यांनी खाटेची जुनी नवार कापली. एक पट्टी छातीवरून, एक पुढच्या पायांमागून, आणि पाठीवर कडी. पार्थने दोरी अडकवली मात्र, भुऱ्याने त्याला थेट शेणाच्या ढिगात नेलं!

"खोकला न्हाई, पन ही तर बैलगाडी झाली!" अफ्रीन हसून हसून खाली बसली.

चाचांनी डोकं खाजवलं, शिवण उसवली आणि कडी छातीवर लावली. आता भुऱ्या जोर करायचा, तोच त्याचं तोंड पार्थकडे वळायचं. दोरी सैल ठेवली, की भाकरीचा तुकडा मिळायचा. दिवेलागणीपर्यंत स्वारी ऐटीत शेजारून चालू लागली!

सकाळी बाजारात थांबलेल्या ट्रकचा हॉर्न वाजला. "काका, बाजारापर्यंत आम्हीच नेतो त्याला," आरती म्हणाली. काका मागून चालू लागले. बाजार आला. भुऱ्या एकदाही खोकला नाही.

"कोन्तं औषिद दिलं गं?"

"औषध नाही काका, फक्त गळ्यातला पट्टा काढून चाचांनी शिवलेला छातीवर बांधला."

काकांनी वाकून भुऱ्याच्या मानेवरचे केस बाजूला केले. कातडीवर लालभडक वळ होता. काका तिथेच रस्त्यात बसले.

"तू माझं लेकरू राखलंस," ते भुऱ्याला म्हणाले, "आन् म्या तुझाच गळा आवळत बसलो, बाबा!" भुऱ्याने त्यांचा गाल चाटला. काकांनी डोळे पुसले. "पोरांनो, आमी मोठी मानसं, पन हे दिसलं तुमालाच. लई उपकार केले!" निरोपाला आलेल्या फक्रुद्दीनचाचांना त्यांनी हात जोडले.

काकूंनी तिन्ही पोरांना जवळ घेतलं. ट्रकमध्ये पहिला चढला भुऱ्या, आणि जया टाळ्या पिटत त्याला बिलगली.

"बजरंग!" ट्रक हलला तसे चाचा ओरडले. "नवार आवळू नको! आत दोन बोटं जायाच पायजेत!"

धुरळ्यात ट्रक दिसेनासा होईपर्यंत काका त्यात मागे दोन बोटं उंच धरून उभे होते.